अनसाकाकूंची बांधकाम समिती

नगरपालिकेच्या बांधकाम समितीची बैठक सुरू झाली की विषय वाचायचं काम माझं. मी घसा साफ करून म्हणायचो, "विषय क्रमांक एक. आठवडी बाजाराच्या मागील बाजूस नालीचे बांधकाम करणे..." एवढं होईस्तोवर समोरच्या मोठ्या खुर्चीत बसलेल्या अनसाकाकू टेबलाखाली पायानं चपला चाचपडायला लागलेल्या असायच्या. चपला सापडल्या की त्या उठायच्या, पदर कमरेला खोचायच्या आणि म्हणायच्या, "चला, जागेवर."

सभापतीच उठल्यावर बाकीच्यांना बसून चालत नाही. चहा नुकताच आलेला असायचा, त्यावर बश्या झाकून सगळे जिना उतरायचे. पुढं काकू, मागं इंजिनिअर साहेब, त्यांच्या मागं कुरकुरत सदस्य आणि शेवटी रजिस्टर छातीशी धरून मी. इतिवृत्त टेबलावर बसून लिहितात हे मी त्या काळात विसरून गेलो होतो. मी ते स्कूटरच्या सीटवर ठेवून लिहिलं, पानटपरीच्या फळीवर लिहिलं, आणि एकदा तर रस्त्यात बसलेल्या एका शांत म्हशीच्या पाठीवर रजिस्टर टेकवून लिहिलं. त्या पानाला अजून वास येतो.

अनसाकाकू म्हणजे अनुसया. बाजारगल्लीत त्यांची पिठाची गिरणी. नवरा, देवराव, बऱ्याच वर्षांपूर्वी गेला. मुलगा संभाजीनगरला कंपनीत, दिवाळीला येणार आणि पाडव्याला जाणार. गिरणी काकूच चालवायच्या. आयुष्यभर गिरणीच्या घरघराटावर आवाज चढवून बोलल्यामुळं त्यांना हळू बोलणं माहीतच नव्हतं. "पतंगेबाबू, जरा हिकडं या," असं त्या मला नुसतं प्रेमानं म्हणाल्या तरी खालच्या मजल्यावरचा पाणीपट्टीचा कारकून दचकून उभा राहायचा.

त्या सभापती झाल्या त्याची गोष्ट आठवली की आजही माझं डोकं तापतं. त्यांचा वार्ड बायांसाठी राखीव झाला, त्या निवडून आल्या, इथपर्यंत ठीक. पण पालिकेत दोन गट. बांधकाम समिती म्हणजे दुभती गाय, ती समोरच्याच्या दावणीला जाऊ नये म्हणून दोघंही जागे. शेवटी दोघांनी मिळून ठरवलं की काकूंना बसवू. "विधवा बाई, चक्की चालवती, तिला काय कळतं? म्हनलं तिथं सही करंल." हे माझ्यासमोर बोलले. कारकून म्हणजे भिंत, असं समजून लोक आमच्यासमोर काय वाटेल ते बोलतात.

पहिल्याच बैठकीत त्यांचा भ्रम फिटला. समितीत वनिताबाई म्हणून एक सदस्य होत्या. त्यांच्या खुर्चीवर नेहमीप्रमाणे त्यांचे यजमान येऊन बसले होते, पांढऱ्या कपड्यात, पाय हलवत. हे सगळ्यांना इतकं सवयीचं होतं की हजेरीच्या वहीत सहीसुद्धा तेच करायचे. काकूंनी चष्मा पुसला, त्यांच्याकडं निरखून पाहिलं आणि विचारलं, "वनिताबाई, तुमाला मिशा कवापासून आल्या?"

कोणाला हसावं की नाही ते कळेना. यजमान म्हणाले, "काकू, मंडळी घरी कामात हाय. मी हाव ना."

"काहून? तिला निवडून दिलं लोकायनं. तुमी घरी जाऊन भाकरी थापा, तिला हिकडं धाडा."

'काहून' हा काकूंचा सगळ्यात आवडता शब्द. तो त्या असा म्हणायच्या की समोरच्याला आपण काहीतरी चोरलं आहे असंच वाटायचं. अर्ध्या तासानं वनिताबाई आल्या, कणकेचे हात पदराला पुसत. त्यानंतर त्यांची एकही बैठक चुकली नाही. त्या काकूंपेक्षा जास्त भांडायला लागल्या, तो भाग वेगळा.

बाजारामागच्या त्या नालीचं सांगतो. नाली नवी कोरी, सिमेंटचा वास अजून जायचा होता. गुत्तेदार, म्हणजे आमच्याकडचा ठेकेदार, हसत उभा. इंजिनिअर साहेब, तरुण माणूस, नुकताच नोकरीला लागलेला, म्हणाला, "मॅडम, लेव्हल एकदम बरोबर आहे." काकूंनी शेजारच्या घरातून पाण्यानं भरलेली कळशी मागून आणली आणि नालीत ओतली. पाणी थोडं पुढं गेलं, थबकलं आणि शांतपणे माघारी येऊन काकूंच्या पायाशी थांबलं.

"लेव्हल बराबर हाय म्हनता?"

"कागदावर तरी बरोबर आहे, मॅडम."

"मंग पाण्याला सांगा तसं."

नाली फोडून पुन्हा बांधावी लागली. गुत्तेदारानं काकूंच्या नावानं बोटं मोडली आणि गल्लीतल्या बायांनी काकूंना चहाला बोलावलं.

पण काकूंचं सगळं बरोबरच असायचं असं समजू नका. चौकात रस्त्याखालून पाईप टाकायचा होता. साहेबानं मोठा पाईप सुचवला. काकू कडाडल्या, "एवढा मोठा काहून? त्यातून हत्ती न्यायचा हाय का?" बिचारा साहेब गप्प बसला, लहान पाईप पडला. पुढच्या पावसाळ्यात चौकाचं तळं झालं आणि समितीतलेच सदस्य हमीदभाई, त्यांच्या फर्निचरच्या दुकानात पाणी शिरलं. नवे पाट पाण्यावर तरंगायला लागले. काकू खराटा घेऊन धावत आल्या. साडी गुडघ्यापर्यंत खोचून त्यांनी हमीदभाईंच्या बरोबरीनं पाणी लोटलं. तेवढ्यात साहेब आला. काकूंनी खराटा त्याच्यावर रोखला आणि ओरडल्या, "तुमचं बराबर व्हतं! माहं चुकलं! पण मंग जरा जोरात सांगायला काय झालं व्हतं तुमाला?" माफी मागतानाही समोरच्याला रागावता येतं हे मी त्या दिवशी पाहिलं. साहेब मात्र तेव्हापासून जोरात बोलायला शिकला.

त्यांच्या रागाला असा काही नेम नव्हता. भर दुपारी जळणारा रस्त्यावरचा दिवा दिसला तरी त्या खवळायच्या आणि नवीन रस्ता झाल्याच्या आठवड्यातच तो खोदणारे दिसले तरी. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेल्या तर तिथल्या रस्त्यातल्या खड्ड्यावरून तिथल्या दुकानदाराला बोलून आल्या. "त्याचा काय संबंध, काकू?" मी विचारलं. "तो रोज पाहून राहिला ना तो खड्डा? मंग त्याला राग काहून येत न्हाई?" खरं सांगू, मलाही यायचा राग. पण आम्हा नोकरदारांचा राग शाईत बुडवून फाईलीत ठेवलेला असतो. काकूंकडं पाहून वाटायचं, आपल्या वाटचंही या बाई रागावून घेतात, बरं आहे.

आणि मग स्मशानभूमीचा विषय आला.

आमच्या गावाची स्मशानभूमी ओढ्याच्या काठाला. नुसती मोकळी जागा. पावसाळ्यात माणूस गेला की घरच्यांना दुःख करायलाही सवड नसायची, आधी ताडपत्री शोधायची, मग रॉकेल, मग जुने टायर. बऱ्याच खटपटीनंतर तिथं पत्र्याची शेड मंजूर झाली. आता विषयपत्रिकेवर होतं, 'स्मशानभूमी शेडचे काम पूर्ण झाल्याचा दाखला मंजूर करणे.' सोबत फोटो जोडलेला. चकचकीत निळे पत्रे, खाली कट्टा, सगळं झकास.

काकूंनी फोटो हातात घेतला. बराच वेळ पाहिला. मग हमीदभाईंकडं सरकवला. "हमीदभाई, शेडच्या मागं काय दिसून राहिलं?"

हमीदभाईंनी चष्मा वर केला. "डोंगर."

"आपल्या गावात डोंगर कवा आला?"

गुणवंतराव म्हणून समितीतले सगळ्यात जुने सदस्य होते, दर वेळी 'नियमानं चालू' म्हणणारे. ते म्हणाले, "फोटूचं काय एवढं, काकू. पुढच्या मिटिंगला ठेवू."

टेबलाखाली चपला वाजल्या. "चला, जागेवर."

या वेळी मात्र कोणी उठलं नाही. गुणवंतराव समजावणीच्या सुरात म्हणाले, "काकू, तिथं बाईमाणसानं जायचं नसतं. रीत हाय. आमी जाऊन येतो, तुमाला सांगतो."

काकू एकदम लाल झाल्या. मला वाटलं आता छत उडतं. "तुमी सांगता? मेल्यावर नेता ना मला तिथंच? मंग जित्तेपणी गेले तर काय बिघडलं? मला कोनी सांगू नका. मी माह्या डोळ्यानं पाहीन!"

आणि त्या एकट्याच जिना उतरायला लागल्या. आधी हमीदभाई उठले. "काकू, थांबा. आमच्यात बी बाया कब्रस्तानात जात न्हाईत. पण तुमी निघालाच हाव, तर एकटं कसं जाऊ द्यायचं?" मग वनिताबाई उठल्या, मग साहेब, मग नाइलाजानं गुणवंतराव.

ओढ्याकाठी चार लोखंडी खांब उभे होते. पत्रे नाहीत, कट्टा नाही. एका खांबाला शेळ्या बांधलेल्या. त्या राखणारी धनगराची म्हातारी बाभळीच्या सावलीला बसली होती. काकूंनी विचारलं तर म्हणाली, "खांब रोवले, फोटू काढले अन् गेले, माय. तवापासून कोनी फिरकलं न्हाई. माह्या बकऱ्यायची तेवढी सोय झाली."

तेवढ्यात शेडचा गुत्तेदार मोटारसायकलवरून धापा टाकत आला. कोणीतरी फोन केला असणार. "काकू, तुमी काहून तकलीफ घेतली? बायांनी इकडं यायचं नसतं."

"काहून? शेड न्हाई ते दिसतं म्हनून?"

"पत्रे वारंगा फाट्यावर येऊन पडलेत, काकू. ट्रक मिळून न्हाई राहिला."

"अन् डोंगर? तो कुठल्या ट्रकनं आनला?"

गुणवंतराव घड्याळ पाहायला लागले. मला आत कुठंतरी इतकं बरं वाटत होतं की मी सगळं अक्षर सुंदर काढून लिहीत होतो. काकू एका दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, "पतंगेबाबू, लिहा. जागेवर शेड न्हाई. आन् पुढची बैठक हितंच."

"इथं?" गुणवंतराव ओरडलेच.

"हितंच. पत्रे चढंपर्यंत समद्या बैठका हितंच व्हतील."

मुख्याधिकाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी काकूंना बोलावून घेतलं, हे नियमात बसत नाही म्हणाले. काकूंनी विचारलं, "स्मशानभूमी नगरपालिकेच्या हद्दीत हाय का न्हाई?" "आहे." "मंग बसतं नियमात."

आणि खरंच, आमच्या नगरपालिकेची बांधकाम समिती स्मशानात भरायला लागली. दगडांवर सतरंजी टाकून. वर मोकळं आभाळ, शेजारी शेळ्या. रस्ते, दिवे, शौचालयं, सगळे विषय तिथंच. चहावाल्यानं तिकडं यायला नकार दिला, त्यामुळं चहा बंद. पण सदस्यांची खरी पंचाईत घरी व्हायची. स्मशानातून आलेल्या माणसाला आंघोळ केल्याशिवाय कोण घरात घेतं? गुणवंतरावांची बायको दारातच बादली घेऊन उभी राहायची. थंडीचे दिवस. भर गल्लीत, चड्डीवर, गावाचे एवढे मोठे पुढारी कुडकुडत अंगावर पाणी घेतात, आणि समोरच्या ओट्यावरची पोरंसोरं पाहतात. माझीही बायको मला रजिस्टर अंगणात ठेवायला लावायची आणि त्यावर गोमूत्र शिंपडायची. ते इतिवृत्त कुठं कुठं फिकट झालंय ते त्यामुळं.

हमीदभाईंना आंघोळीची सक्ती नव्हती. त्यांचा मात्र गुणवंतरावांनी फार हेवा केला.

तिसऱ्यांदा बादली अंगावर घेतल्यानंतर गुणवंतरावांनी स्वतः गुत्तेदाराचं बखोट धरलं. इतकी वर्षं त्याला पाठीशी घालणारा हाच माणूस. "पत्रे चढव नाहीतर मी तुला हितंच पेटवतो," असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. मी ते लिहून घेतलं नाही. ट्रक लगेच सापडला. पत्रे चढले, कट्टा झाला, लाकडं ठेवायला आडोसा झाला, कुंपणाला फाटकही लागलं. काकूंनी एकेक पत्रा हातानं हलवून पाहिला. उद्घाटनाची गोष्ट निघाली तेव्हा गंमतच झाली. एरवी मुतारीच्या पाटीवरही नाव कोरून घेणारी माणसं, पण स्मशानाच्या पाटीवर आपलं नाव नको म्हणून एकेकजण गावाला निघून गेला. शेडला पाटी नाहीच.

पुढचा पावसाळा आला. भादव्यात झडी लागली, दिवसच्या दिवस आभाळ उघडेना. त्यात आमच्या गल्लीतले मारोतराव गेले. हातपंप दुरुस्त करणारा साधा माणूस. बायको आधीच गेलेली, एकच लेक मंदा, कुरुंद्याला दिलेली. ती नवऱ्याबरोबर भिजत आली. आम्ही गल्लीतली माणसं तिरडी घेऊन निघालो. गुणवंतरावही आले होते. वर पाऊस नुसता कोसळत होता. पण शेडखाली सगळं कोरडं. लाकडं कोरडी, कट्टा कोरडा. टायर लागले नाहीत, रॉकेल लागलं नाही. जावयानं अग्नी दिला आणि चिता हळूहळू, व्यवस्थित पेटली.

मी जरा हवेला म्हणून फाटकाकडं आलो. फाटकाबाहेर बाभळीखाली छत्री घेऊन अनसाकाकू उभ्या होत्या. त्यांच्या शेजारी मंदा. बाया येतात तिथपर्यंतच ती आली होती आणि तिथंच थांबली होती. पदर तोंडात धरून ती मला म्हणाली, "दादा, नीट पेटलं का हो? पाऊस लई हाय."

मी "हो, बाई, नीट आहे" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात काकू बोलल्या. इतक्या हळू, की मला पहिल्यांदा तो आवाज त्यांचा वाटलाच नाही.

"माह्या मालकाच्या वक्ताला असंच आभाळ व्हतं, मंदे. मी घरात बसले व्हते. येईल त्याला इचारलं, नीट झालं का? समदे म्हनले, झालं काकू, झालं. पर एकानं माह्याकडं पाहून म्हनलं न्हाई. समदे खाली पाहून म्हनत व्हते. अजून मला ठाव न्हाई, काय झालं ते."

मंदा रडायची थांबली आणि त्यांच्याकडं पाहायला लागली. काकूंनी तिचा हात धरला. "तू कोनाला इचारू नको. चल, आत ये. तुहा बाप हाय."

दोघी फाटकातून आत आल्या. पुरुषांमध्ये चुळबुळ झाली. गुणवंतराव पुढं आले, "काकू, पोरीला काहून..." एवढं बोलले. काकूंनी एरवी त्यांना उभं चिरलं असतं. त्या दिवशी त्यांनी नुसतं त्यांच्याकडं पाहिलं. गुणवंतराव काय समजले कोण जाणे, बाजूला सरले, आणि त्यांनी बाकीच्यांनाही हातानं बाजूला केलं.

मंदा चितेसमोर उभी राहिली. बराच वेळ. ज्वाळा सरळ वर जात होत्या. काकू तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या.

"पाह्यलंस?"

"व्हय."

"बराबर पेटलंय?"

"व्हय, काकू."

"मंग जाय आता घरी. आंघोळ कर, दोन घास खाय."

मंदाचा नवरा तिला घेऊन गेला. हळूहळू सगळेच निघाले. मी गाडी काढली आणि काकूंना म्हणालो, "चला काकू, घरी सोडतो. लई भिजलाव."

"तुमी व्हा पुढं, बाबू. मी जराशी थांबते."

"एकट्याच?"

त्यांनी मान हलवली आणि छत्री मिटून कट्ट्याच्या कडेला बसल्या, चितेकडं तोंड करून. मी फाटकाबाहेर जाऊन मागं वळून पाहिलं. पत्र्यावर पावसाचा एवढा आवाज होता की दुसरं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. पण काकूंचे ओठ हलत होते. त्या कोणाशी तरी बोलत होत्या, आणि रागावलेल्या दिसत नव्हत्या.